इंग्रजांकडून खेळणारे तांबेकाका

रिक्षा असो, पाण्याचा टँकर असो की कुणाचं फर्निचर घेऊन आलेला टेम्पो असो, आमच्या सोसायटीच्या फाटकातून काही आत शिरलं की तांबेकाका दोन्ही हात खांद्यांच्या वर नेऊन त्याच्यासमोर उभे राहत. हात मागेपुढे हलत, सावकाश जवळ येत आणि शेवटी डोक्यावर फुली मारून थांबत. नव्या ड्रायव्हरला वाटे, म्हातारा कवायत करतोय. पण टेम्पो भिंतीला न घासता नेमका उभा राहायचा. तीसेक वर्षं काकांनी सहारच्या विमानतळावर हेच काम केलं होतं. उतरलेल्या विमानाला हातांच्या खुणा करून जागेवर आणायचं, निघालेल्याला वाट मोकळी करून द्यायची. स्वतः ते विमानात बसले होते एकदाच, लेकीच्या बाळंतपणासाठी बंगलोरला जाताना. "आतून काय मजा नाय रे," ते म्हणाले होते, "आतून विमान दिसतच नाय."

जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे, मी आणि आई तिसऱ्या. कित्येक वर्षं आमची ओळख जिन्यातल्या "काय नितीन, निघाला?" एवढीच होती. मग घोडबंदर रोडवर माझी बाईक घसरली, नडगीत रॉड बसला आणि मी पलंगाला खिळलो. वडील नव्हते. आई एका शाळेत क्लार्क, सकाळी गेली की संध्याकाळीच परतायची. काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनीच आईला सांगितलं, "वहिनी, एक चावी आमच्याकडे ठेवा. मी बघतो त्याच्याकडे." तेव्हापासून रोज दुपारी चारला ते चहाचा थर्मास घेऊन खाली यायचे, पलंगाजवळच्या खुर्चीत बसायचे आणि फारसं काही बोलायचे नाहीत.

मी दिवसभर लॅपटॉपवर एक युद्धाचा खेळ खेळायचो. दुसऱ्या महायुद्धातली सैन्यं, वरून दिसणारा नकाशा, आपले कारखाने उभे करायचे, रणगाडे, तोफा, विमानं काढायची आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. समोर खरीच माणसं असतात, आपापल्या घरी बसलेली. सगळं एकाच वेळी चालू असतं, विचार करायला कुणी थांबत नाही. काका आठवडाभर नुसते बघत होते. एक दिवस स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ही विमानं कुणाची?"

"इंग्रजांची. पण त्यांना कोणी घेत नाही, काका. रणगाडे अगदी हलके. फक्त विमानं चांगली, आणि विमानं पाडायच्या तोफा. बसून राहणाऱ्यांची बाजू आहे ती."

"मग मला दे ती," काका म्हणाले. मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडून दिला.

काकू वरून हाक मारायच्या, "अहो, तुमच्या आजोबांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं होतं ना?" काका मान वर न करता उत्तर द्यायचे, "त्यांची विमानं चांगलीयत. बाकीच्याशी मला काय करायचंय?"

त्यांचा खेळ बघून सुरुवातीला माझा जीव जायचा. मी पहिल्या पाच मिनिटांत रणगाडे काढून धाव घ्यायचो. काका आधी रडार उभारायचे, मग एक टेहळणीचं विमान सोडायचे, मग तळाभोवती तोफा. "बघितल्याशिवाय हलायचं नाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य मी हरलो की यायचं, "कोण जिंकतोय ते मागनं बघू. कोण राहतोय ते आधी बघ." आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते विमानं मोजायचे. आठ गेली की ओठांतल्या ओठांत आठ, परत आली की पुन्हा एक, दोन, तीन. तोवर तळावर काहीही होवो, त्यांची नजर धावपट्टीवरून हलत नसे.

एकदा मीरा रोडचा अर्शद आणि त्याचा भाऊ यांच्याविरुद्ध आम्ही दोघं खेळत होतो. अर्शद माझा ऑफिसातला मित्र. माझं सैन्य नेहमीप्रमाणे अर्ध्या तासात संपलं. काका एकटे उरले. एक धावपट्टी, थोड्या तोफा आणि सहा बॉम्बफेकी विमानं. समोरचा मुख्य तळ उघडा पडला होता, पण त्याच्याभोवती विमानविरोधी तोफांचं कडं होतं. सहाही विमानं एकदम सोडली असती तर तळ गेला असता, सामना आमचा. विमान मात्र एकही परतलं नसतं.

"काका, सोडा! आत्ताच!" मी ओरडलो.

काकांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "नाय जायची ती."

थोड्या वेळाने अर्शदचे रणगाडे आले आणि आम्ही हरलो. मी भडकलो. "खेळ आहे काका हा! कोण मरतंय यात?"

ते थर्मासचं झाकण लावत बसले. मग म्हणाले, "एकदा एक आलं नाय. छोटं विमान होतं, दोघंच जण. सकाळी मीच काढून दिलं. पायलटनं काचेतनं अंगठा दाखवला, मी पण दाखवला. संध्याकाळी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. सायबानं येऊन सांगितलं, तांबे, घरी जा. तरी मी थोडा वेळ उभा होतो." एवढं बोलून ते वर गेले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आले. त्यानंतर मी त्यांना विमानं सोडा असं कधी म्हटलं नाही.

त्याच दिवसांत काकांनी जिन्याखालच्या मीटर रूममधली भेग पाहिली. खांबाला गेलेली, बोटभर लांब. त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या आणि दोन्ही टोकांना सिमेंट लावून भेगेवर आडव्या चिकटवल्या. भेग हलली तर काच तडकणार. हे त्यांना विमानतळावरच्या एका इंजिनिअरने शिकवलं होतं. आमचे सेक्रेटरी शहाभाई पहिल्या मजल्यावर राहायचे. ते पट्ट्या बघून हसले. "अरे तांबे, प्लास्टर फूगा है, बस. बिल्डिंग को बुखार नापता है क्या?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी विषय काढला तेव्हा कोणी हसलं नाही. कारण सगळ्यांनाच माहीत होतं, इमारत एकदा धोकादायक ठरली की घर सोडावं लागतं, आणि सोडलेलं घर परत कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. तपासणी करून घेऊ, दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. काका वाद घालत बसले नाहीत. तडकलेल्या काचेशेजारी ते नवी काच लावत राहिले.

तो बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. दाराला चावी लागली आणि काका आत आले. चेहरा शांत, पण पायांत चप्पल नव्हती. "नित्या, गॅस लीक झालाय. खाली जायचंय." मागे वॉचमन यादव. दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून तीन मजले उतरवलं. काकांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. जिन्यातून काकू, वरच्या मजल्यावरचे लोक, सगळे उतरतच होते. ओट्यावरची फोडणी तशीच, कुणाच्या हातात रिमोट, कुणाच्या केसांना मेंदी. गॅस म्हटल्यावर कुलूप लावायलाही कोणी थांबलं नव्हतं.

फाटकाबाहेर काका एकेकाकडे बोट दाखवत माणसं मोजायला लागले. त्या वेळी कोण कामावर, कोण शाळेत, कोण घरात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोजून झाल्यावर ते वळले आणि पुन्हा आत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या डिमेलो आजी राहिल्या होत्या. त्या मूळच्या उत्तनच्या, लेकाकडे राहायच्या, कानाने अजिबात ऐकू यायचं नाही. काकू पदर तोंडाशी धरून दाराकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने काका आजींचा हात धरून बाहेर आले. आजी चिडल्या होत्या. "कपडे वाळत घालत होते मी, कला ओढतंस? कशाला?"

मग अर्धा तास काहीच झालं नाही. गॅसवाला आला, काकांनी त्याला आत सोडलं नाही, बाहेरच्या पाइपांना यंत्र लावून तो म्हणाला, लीक नाही. लोक काकांकडे बघायला लागले. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं, "खांबावरच्या तिन्ही काचा आज सकाळी फुटल्या. एका तासात तिन्ही. आत जाऊ नका."

जो गलका उठला तो मला आजही ऐकू येतो. खोटारडा, वेडा म्हातारा, पोलिसांना बोलवा. शहाभाईंच्या आईची इन्सुलिनची वेळ झाली होती आणि इन्सुलिन वर फ्रिजमध्ये. पाच-सहा जण दाराकडे निघाले. काका दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. "मला मारा, पण आत जाऊ नका." लोकांनी त्यांना घेरलं. मी खुर्चीत बसलेलो, मला फक्त पाठी दिसत होत्या. एकदम काका मागे पडलेले दिसले, उजवा हात अंगाखाली. त्यांना उचलायला दोघं वाकले, बाकीचे क्षणभर थबकले. आणि तेवढ्यात आतून मोठा आवाज आला. आमचा जिना, चौथ्यापासून तळापर्यंत, एकावर एक बसला. धूळ इतकी आली की शेजारी उभं असलेलं माणूस दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा सगळे जागच्या जागी उभे होते. डिमेलो आजी तेवढ्या क्रूस काढत होत्या.

माणूस एकही गेलं नाही. घरं मात्र सगळ्यांची गेली. इमारत सील झाली, मग पाडली. कोणी नायगावला गेलं, कोणी गावाला. आई आणि मी नवघर रोडला भाड्याने राहिलो, काका-काकू गोडदेवला एका खोलीत. पहिले काही दिवस लोकांनी काकांचे पाय धरले. पुढे भाडी भरून माणसं थकली, नव्या इमारतीची वीट काही रचली जाईना, तसं बोलणं बदललं. "तांबेंनी बोभाटा केला म्हणून सील झाली. नुसता जिनाच पडला होता, दुरुस्त झाला असता." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. रस्त्यात काका दिसले की काही जण पलीकडच्या फुटपाथला जायचे.

काकांचं उजवं मनगट मोडलं होतं, ते नीट जुळलंच नाही. कसं पडलात विचारलं की म्हणायचे, "पाय घसरला." रविवारी मी काठी टेकत, अर्शदने दिलेले दोन जुने लॅपटॉप घेऊन गोडदेवला जायचो. ते डाव्या हाताने माउस धरायला शिकले. विमानं उशिरा उठायची, उशिरा वळायची, आम्ही जवळजवळ प्रत्येक सामना हरायचो. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही कधी खोटं बोलत नाही. मग त्या दिवशी गॅस का सांगितलात?"

"भेग म्हटलं असतं तर मीटिंग भरली असती. गॅस म्हटलं, माणसं उतरली."

"आणि आता तीच माणसं तुम्हाला बोलतात."

त्यांनी एक विमान धावपट्टीवर उतरवलं. "माणसाचं घर गेलं की त्याला कुणावर तरी चिडायला लागतं रे. मी जवळ होतो, माझ्यावर चिडले. जिन्यावर चिडून काय उपयोग?"

काकूंनी आतून विचारलं, "आणि तुमचं घर गेलं, ते?" काका परतणारी विमानं मोजत राहिले. आयुष्यभराच्या नोकरीतून झालेली ते घर ही एकच वस्तू होती आणि ती जाणार हे त्यांना काचा लावतानाच कळलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी दूध आणायला जाताना काका रस्त्यात बसले आणि उठलेच नाहीत. लेक बंगलोरहून येईपर्यंत दुपार झाली. स्मशानात मला वाटलं होतं दहा-बारा माणसं असतील. पण इमारतीतले जवळजवळ सगळे आले होते. नायगावहून, गावाहून. डिमेलो आजींना त्यांच्या लेकाने रिक्षातून आणलं होतं. सगळे भिंतीच्या कडेने उभे होते.

शहाभाई माझ्या शेजारी येऊन बाकावर बसले. खूप वाळले होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नितीन, तांबे का हाथ कैसे टूटा था, मालूम है तेरे को?"

"पाय घसरला होता," मी म्हटलं, "काका तसंच सांगायचे."

"सबको?"

"काकूंनाही."

शहाभाईंनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले. "मैंने धक्का दिया था," ते म्हणाले. "वो नहीं गिरता, तो मैं अंदर होता. मम्मी का दवा लाने जा रहा था. वो नीचे से मेरे सामने देखता था, कुछ बोला नहीं."

समोर लाकडं आवाज करत होती. कुणीतरी काकूंना खुर्ची आणून दिली.

"मैं रोज सोचता था, जाके बोल दूँगा," शहाभाई म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बता. मेरे घर से गोडदेव कितना दूर है?"

ते अजून जेसल पार्कातच भाड्याने राहत होते.

"चालत पंधरा मिनिटं," मी म्हटलं.