जोर जमिनीला लागला पाहिजे

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या टायरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. त्याला टायर सगळ्यात स्वस्त हवे होते आणि गाडी मात्र नागपूरपर्यंत भन्नाट पळवायची होती. फोन भाऊजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा. ते स्वतःहून कधी फोन करत नसत. ताईच लावून त्यांच्या हातात द्यायची. "बाळू, शैला राह्यली नाई रे… चहा मांडला होता तिनं, तो मीच उतरवला," एवढंच बोलले. सकाळी अंगणातल्या शेडमध्ये गाडीचं बॉनेट उघडायला गेली आणि तिथंच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं ते आठवत नाही. शटर ओढलं आणि अमरावतीकडं निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि माझ्या डोक्यात एकच वेडा विचार: येत्या रविवारी आमचं गाडी पळवून बघायचं ठरलं होतं, आता ते कोण बघणार? अशा वेळी माणसाला रडू यायला हवं. मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

शैलाताई माझी मावसबहीण. तिचे बाबा जिल्हा परिषदेच्या जीपवर ड्रायव्हर होते, आणि त्यांनी पोरीला शाळेच्या आधी पान्यांची नावं शिकवली. तंत्रनिकेतनात यंत्र शाखेला ती वर्गातली एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये तिला सांगण्यात आलं, की लोखंड घासायचं काम मुलांना करू दे, तू जरा हलकं काही कर. तिनं हाताला फोड येईपर्यंत कानस चालवली आणि पुढं त्याच शाखेत शिकवून निवृत्त झाली. तेव्हापासून 'जरा कमी कर' हे शब्द ऐकले की तिचं डोकं फिरायचं. भाऊजी मराठीचे मास्तर, शांत माणूस. ते भाजीत तिखट कमी घाल असंसुद्धा जपून म्हणायचे.

निवृत्तीनंतर लोक फ्लॅट बघतात, हिनं गाडी बघितली. परदेशी बनावटीची, टर्बो इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी आणि अपघातात पुढून चेपलेली. ती तिनं शेडमध्ये उभी केली, चेपलेलं सरळ केलं आणि इंजिन असं जुळवलं, की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. प्रश्न एकच होता. तो वऱ्हाडातल्या माणसाला समजावायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जीप फसली की मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं, चिखल मागच्यांच्या तोंडावर उडतो आणि जीप हलत नाही. ताईच्या गाडीचं कोरड्या डांबरावर तेच व्हायचं. जोर उदंड, पण तो जमिनीला लागतच नव्हता. चाकं घसरायची, धूर निघायचा आणि मागचा भाग डावीकडं-उजवीकडं हेलकावे खायचा.

आमच्याकडच्या हौशी गाडीवाल्यांची दरवर्षी एक शर्यत असते. लांब सरळ पट्टी, शेवटी एक मोठं वळण, आणि परत. ताई पहिल्यांदा उतरली आणि निशाण पडताच गाडी आडवी झाली. कोणाला काही झालं नाही, पण आयोजक घाबरले. त्यांच्यातला एक जण अदबीनं म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी इंजिनाचा जोर कमी करून आणा, मग नाव घेऊ." बिचाऱ्याला काय माहीत! ताई म्हणाली, "जोर हाय तेवढाच राहीन. पुढच्या वर्षी चाकं घसरली तं मी सोताच नाव मागं घेईन. पन घसरणार नाईत." सगळ्यांसमोर म्हणाली, त्यामुळं आता मागं फिरायची सोय उरली नाही. घरी येताना मी तिला म्हटलं, की थोडा जोर कमी केला तर काय बिघडतं? तिनं बडनेऱ्याच्या फाटकापर्यंत माझ्याशी अबोला धरला.

मग सुरू झालं आमचं भांडणाचं वर्ष. पहिलं भांडण टायरवरून. तिला मागं रुंद आणि मऊ रबराचे टायर हवे होते. "ताई, हे लोण्यावानी हायत. दोन-चार महिन्यांत उडतीन," मी म्हटलं. "उडू दे ना! तुले धंदा नाई पायजे का?" मी कपाळाला हात लावला आणि टायर मागवले. फरक पडला, पण पुरेसा नाही. आणि मग तिनं ती गोष्ट केली, जी फक्त आमच्या घराण्यातलाच माणूस करू शकतो.

काका, म्हणजे ताईचे बाबा, पावसाळ्यात जीपच्या मागं सरकीचं पोतं टाकायचे. मागं वजन आलं की चाक मातीत रुततं आणि गाडी निघते, हे आमच्याकडं सगळेच करतात. ताईनं कापसाच्या एका ओळखीच्या जिनिंगमधून सरकीची पोती आणली आणि डिकीत अगदी टोकापर्यंत कोंबली. "बाबाची आयडिया हाय," ती म्हणाली. "हाय," मी म्हटलं, "पन काकाची जीप बैलगाडीच्या मागं चालत होती, ताई." ऐकते कशाला! त्याच जिनिंगचं हंगामाबाहेर रिकामं पडणारं मोठं आवार होतं, आतून लांब डांबरी रस्ता. तिथं तिनं गाडी सोडली. सुरुवातीला काय सुटली म्हणता! चाक घसरलं नाही. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण वळण आलं आणि शेपटीतलं ते सगळं वजन बाहेर फेकलं गेलं, गाडी भोवऱ्यासारखी फिरली, पोती फुटली आणि शेवटी ती उलट तोंड करून थांबली. मी धावत गेलो तर ताई आत सरकीत बसलेली, केसांत सरकी, पदरात सरकी, आणि पोट धरून हसत होती. "सारी जिंदगी पोरायले शिकवलं का वजन कुठं ठेवा, अन् मीच…" तिला पुढं बोलता येईना. त्यानंतर कित्येक दिवस एसी लावला की जाळीतून सरकी उडायची, आणि सांडलेली सरकी खाऊन शेजारच्यांची म्हैस मात्र मजेत होती.

हसणं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीखाली. आता तिचं म्हणणं असं, की वजन वाढवायचं नाही, आहे तेच मागच्या चाकांवर नीट बसू द्यायचं. मागच्या स्प्रिंगा फार कडक होत्या. रस्ता जरा वर-खाली झाला की चाक उडायचं, आणि हवेतलं चाक कोणाला ढकलणार? तिनं स्प्रिंगा नरम केल्या, शॉक ॲब्सॉर्बर बदलले. गाडी सुटताना मागं बसायला लागली, मांजर उडी मारण्याआधी बसतं तशी. तरी एक चाक घसरायचंच. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शिअलची खोडच ती: दोहोंपैकी जे चाक घसरतं, सगळी ताकद त्याच्याकडूनच वाया जाते, आणि पकड असलेलं चाक नुसतं बघत राहतं. ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक असतं. ते पायानं एक पेडल दाबून दोन्ही चाकं एकत्र जखडतात. पण मोटार कायमची जखडली तर वळणावर अडते. तेव्हा घसरण्यापुरतं बांधून ठेवणारा आणि एरवी मोकळं सोडणारा डिफरन्शिअल हवा होता. तो तिनं एका भंगारातल्या गाडीतून मिळवला. आतल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. बदलल्या, तर घट्ट झाला. उघडला, पुन्हा बसवला, तर आवाज यायला लागला. मी म्हणायचो, आता पुरे. ती म्हणायची, "तू घरी जा, भाकर खा, झोप. मी पाहून राहिली." शर्यत जवळ येत होती. एवढ्या सगळ्या उचापतीत तिच्या तोंडून 'जमत नाही' हे शब्द मी एकदाही ऐकले नाहीत. दमलेली मात्र मी तिला पाहिली आहे. शेडच्या पायरीवर बसून, ग्रीसचे हात गुडघ्यांवर ठेवून… ती तशी बसली की मला फार माया यायची, आणि मी ते कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिनं मला पाना आणायला पिटाळलं असतं.

शेवटचं बोलणं फोनवर झालं, ती जायच्या आदल्या संध्याकाळी. "डिफरन्शिअल बसला रे! आवाज नाई, काई नाई. रविवारी ये. पोटभर खाऊन येऊ नको, तुहे भाऊजी पोहे करणार हायत." बस, एवढंच. तो रविवार आला तेव्हा तिच्या घरी माणसं बसायला येत होती.

जलदानविधीच्या दिवशी, आदरांजलीच्या सभेत, नातेवाइकांपैकी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. ताई किती हुशार, किती कष्टाळू वगैरे झालं आणि मग म्हणाले, "या वयात हा गाडीचा नाद केला नसता, जरा कमी दगदग केली असती, तर आज आपल्यात असत्या." मी उठणारच होतो. माझ्या आधी भाऊजी उठले. जन्मात कोणाशी चढ्या आवाजात न बोललेला हा माणूस माइकजवळ गेला आणि म्हणाला, "गाडीनं तिले मारलं नाई. गाडीसाठी ती पहाटे उठे, गाणं म्हणत उठे. एवढंच सांगायचं होतं." आणि खाली बसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

काही दिवसांनी आयोजकांपैकी त्याच अदबशीर माणसाचा फोन भाऊजींना आला. वाईट वाटलं म्हणाला आणि मग चाचरत विचारलं, की ताईंच्या गाडीचं नाव यादीतून कमी करू ना? भाऊजींनी त्याला थांबायला सांगितलं आणि मला फोन लावला. स्वतः लावला. "बाळू, ती म्हणाली होती, चाकं घसरली तं नाव मागं घेईन. घसरतात का नाई ते पाह्यल्याशिवाय मी नाव कमी करू देणार नाई. रविवारी ये."

गेलो. तेच जिनिंगचं आवार. गाडी चालवायची मला, कारण भाऊजींना सायकलपुढं काही येत नाही. मी सीटवर बसायच्या आधी त्यांनी खिशातून खडू काढला, मागच्या टायरजवळ उकिडवे बसले आणि रबरावर आडवी रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ती माह्या डब्यातले खडू नेत होती यासाठी," ते म्हणाले. "म्हने, रेघ कुठं पुसली जाते ते पाह्यचं. मंग समजते टायर कुठं टेकते अन् कुठं नाई." टायर विकण्यात माझा जन्म गेला, ही युक्ती मलाही ठाऊक होती, पण ती भाऊजींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पाय पूर्ण दाबला. गाडी मागं बसली आणि सुटली. धूर नाही, हेलकावा नाही. दुसऱ्या गिअरला शेपटी एकदा थरथरली आणि दोन्ही चाकांनी मिळून रस्ता धरला… वळण घेतलं, परत आलो. जोर तेवढाच होता आणि तो सगळा जमिनीला लागत होता. ताई, घसरली नाही गं, असं मी एकटाच आत मोठ्यानं म्हणालो.

खाली उतरलो तर भाऊजी माझ्याकडं बघतही नव्हते. ते टायरजवळ वाकले होते. रेघ मधून स्वच्छ पुसली होती, दोन्ही कडांना मात्र पांढरं शिल्लक होतं. "हे काहून राह्यलं?" त्यांनी विचारलं. "हवा जरा जास्त हाय, भाऊजी." "मंग सोड ना." मी हवा थोडी सोडली. तोवर त्यांनी त्याच पांढऱ्या बोटांनी फोन लावला. "नाव राहू द्या. जोर कमी केला नाई. घसरत नाई," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "चालवणारा तिचा भाऊ." मला विचारलंसुद्धा नाही! फोन खिशात टाकला, पुन्हा उकिडवे बसले आणि फळ्यावर ओढावी तशी सावकाश, सरळ रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग हात झटकत उठले.

"जा," म्हणाले, "सारी पुसून आन."