कान घेऊन ये

मामाचे शेवटचे तीन मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहेत. पहिला, 'मशीन सुरू होत नाही. ये.' चार दिवसांनी दुसरा, 'पंखा फिरतो. पडदा काळा. ये.' आणि तिसरा, 'कान घेऊन ये.' तिन्हींखाली माझं उत्तर एकच, 'रविवारी येते.' असे तीन रविवार गेले. मग एका गुरुवारी सकाळी, मी डब्यात भाजी भरत होते तेव्हा, लालबागहून मामाच्या चाळीखालच्या वाण्याचा फोन आला. "ताई, दुधाची पिशवी दाराशी तशीच आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही आत जाऊन बघितलं... तुम्ही या लवकर." दादरहून लालबागला जायला मला तीन आठवडे सवड मिळत नव्हती, त्या दिवशी मी पंचवीस मिनिटांत पोचले. मामा खाटेवर कुशीवर झोपलेला होता. झोपेतच गेला, डॉक्टर म्हणाले. समोर टेबलावर कॉम्प्युटर, त्याचा एका बाजूचा पत्रा काढलेला, आणि सगळे स्क्रू मामीच्या हळदीकुंकवाच्या वाटीत नीट जमवून ठेवलेले.

या गोष्टीला महिना होऊन गेला. लोक म्हणतात, वय झालं होतं, त्रास न होता गेला, सोनं झालं. झालं असेल. मला मात्र एका जागी बसवत नाही. चहा टाकते आणि गॅस पेटवायला विसरते, वाचायला पुस्तक घेते आणि तेच पान तीनदा वाचते. हे लिहितानाही मी चार वेळा उठून आले आहे. मामाचं मला लिहायचं आहे आणि लिहायला बसलं की त्या तीन रविवारी मी नेमकं काय करत होते तेच आठवायला लागतं. एका रविवारी तर मी पडदे धुतले. पडदे!

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव मालवणकडचं, पण हयात लालबागमध्ये गेली. गिरणीत साचेखात्यात जॉबर होता, म्हणजे कापड विणणारे साचे बिघडले की दुरुस्त करणारा. साचेखात्यात शेकडो साचे एकदम खडखडत असायचे, तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचायचा नाही. हे लोक ओठ वाचायचे आणि बोटांनी बोलायचे. मामा घरी आला तरी बोटांनीच बोलायचा. दोन बोटं म्हणजे दोन चपात्या, मूठ म्हणजे पुरे. त्या खडखडाटाने त्याचे कान तरुणपणीच गेले होते, पण आपले कान गेलेत हे त्याला कळलं ते संप झाल्यावर. ब्याऐंशीचा संप लागला, साचे थांबले, आणि मामा घरात बसून मामीला म्हणाला, "सगळा गप कशाक झाला?" मामी त्याच वेळी त्याच्याशी तावातावाने भांडत होती.

संपाच्या काळात मी शाळेत होते. मामा रोज उठून दाढी करायचा, हत्यारांना तेल द्यायचा, पुसून पुन्हा पिशवीत ठेवायचा. आज उघडेल, उद्या उघडेल. दीड वर्षाने तेल देणं थांबलं. मग त्याच्या हातांना काही काम मिळेना तेव्हा त्याने अख्ख्या चाळीतली घड्याळं, शिलाई मशिनं, मिक्सर उघडायला सुरुवात केली. बायका हात जोडायच्या, "भावोजी, चांगलं चाललंय हो घड्याळ, नका उघडू!" पुढे गिरगावात एका छापखान्यात मशीन सांभाळायचं काम मिळालं, त्यावर संसार निभावला. मूलबाळ नव्हतं. माझं येणंजाणं जास्त, म्हणून हक्क माझ्यावर.

मला मराठी टायपिंगची कामं मिळायला लागली तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर आणला. तो महिन्याभरात बंद पडला. दुकानदार 'आज येतो, उद्या येतो' करत होता, इकडे लग्नपत्रिकांचं काम अडलेलं. मामा म्हणाला, बघतंय. मी म्हटलं, मामा, हा साचा नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला झाले. दुकानात जाऊन दोन दिवस स्टूल टाकून बसला, पोरं कशी उघडतात ते बघून आला, आणि कळलेलं सगळं वहीत लिहून आणलं. कॉम्प्युटर सुरू होताना तो आत बीप वाजवून आपली तक्रार सांगतो. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि मागून आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. थांबून थांबून लांब बीप वाजतच राहिल्या तर रॅमची पट्टी नीट बसलेली नाही. सगळं बरोबर. पण बीप मामाला कुठून ऐकू येणार? तो कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून डोळे मिटून बसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझे कान दी गो जरा."

तेव्हापासून मी त्याचे कान झाले. तो बटण दाबायचा आणि माझ्या हाताकडे बघायचा. मी ऐकायची आणि बोटं वर करायची. लांब बीपसाठी आडवं बोट, आखूडसाठी उभं. "किती गो?" हे तो तोंडाने विचारायचाच, बोटं दिसत असली तरी. छापखान्याची नोकरी सुटल्यावर लालबाग, परळ, पार प्रभादेवीपर्यंत लोकांचे कॉम्प्युटर बघायला आम्ही दोघं जायचो. लोकांना वाटायचं मी मोठी इंजिनीअर आणि हा माझा हमाल. दुसऱ्या कोणाचे कान त्याला चालायचे नाहीत. "लोक नुसता 'वाजता' म्हणतत. कसा वाजता ता कोण सांगत नाय."

त्याचा नियम एकच, "एका वक्ताक एकच." सुरुवात भिंतीपासून. आधी प्लग, मग वायर, मग पॉवर सप्लाय, असं आत आत जायचं, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून बटण दाबायचं. एकदा मी घाईने रॅमही काढून लावली आणि केबलही बदलली, मशीन सुरू झालं, मी टाळ्या पिटल्या. मामा भडकला. "सुरू झालो, पण कित्याक झालो ता सांग!" त्याने सगळं पुन्हा बिघडवलं, खरंच सांगते, चालू मशीन बिघडवलं, आणि एकेक करून पुन्हा सुरू केलं. का सुरू झालं ते कळलं नाही तर ती दुरुस्ती नव्हे, म्हणायचा. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी माझ्यासाठी गुळाचं खाजं घेऊन आला.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची. गिरणी गेली तरी मामाच्या खोलीत पूजा व्हायची, आधी साच्यातून आडवा धागा नेणाऱ्या एका जुन्या धोट्याची आणि मग कॉम्प्युटरची. त्याच्याकडे स्वतःचं मशीन आलं त्या वर्षी मामीने ते असं सजवलं की विचारू नका. पत्र्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, मागे झेंडूचं भरगच्च तोरण, आणि अक्षता सढळ हाताने. दुसऱ्या दिवसापासून मशीन दहा मिनिटं चालायचं आणि बंद पडायचं. मामाने दोन दिवस एकेक भाग काढला. शेवटी पॉवर सप्लायच्या पंख्यात गुंडाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, आणि फ्लॉपीच्या फटीतून तांदळाचे अकरा दाणे. मामी कावरीबावरी झाली. मामा हसून हसून खाटेवर पडला, "साच्याक कधी झेंडू अडलो नाय गो!" पुढे तोरण भिंतीला लागायला लागलं, पण ती पाच बोटं मामाने कधी पुसू दिली नाहीत. मामी गेल्यावर तर नाहीच.

आणि त्या दिवशी हजेरी व्हायची. साचेखात्यातले त्याचे जुने सोबती कुठून कुठून यायचे. मामाने त्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची नावं दोन बोटांनी टाइप केली होती, कोण कुठल्या साच्यावर, आता कुठे राहतो, कोण गेला. दसऱ्याला कागद छापायचा, उभं राहून एकेक नाव वाचायचं. हयात असेल तो 'हजर' म्हणायचा. गेलेल्याच्या नावाला त्याच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस 'हजर' म्हणायचा. निम्मे लोक मामासारखेच बहिरे, त्यामुळे एकमेकांना ढोसून सांगायचे, अरे तुझं नाव घेतलं. हजेरी झाली की तो कागद झेंडूबरोबर निर्माल्यात जायचा. वर्षभर मामा यादी दुरुस्त करत राहायचा, नवा कागद पुढच्या दसऱ्याला. मी किती वेळा म्हटलं, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. "ता हरवता," म्हणायचा.

म्हणजे यादी त्या मशीनमध्ये होती आणि फक्त तिथेच होती. म्हणून तो मला बोलावत होता. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, माहीत होतं. तिसऱ्या 'रविवारी येते'ला जोडून मी त्याला उलट हेही लिहिलं होतं, 'मामा, आता ते भंगारात टाक, मी नवीन घेऊन देते.' शेजारी कोणाला विचारावं तर चाळ पाडायची म्हणून मजल्यावरच्या निम्म्या खोल्या रिकाम्या, त्याच्या दोन्ही बाजूंना कुलपं.

दसरा आठ दिवसांवर आला. त्याच्या सोबत्यांपैकी एकाने फोन केला, "यंदा हजेरीचा काय?" मी म्हटलं, होणार. आणि गेल्या रविवारी जाऊन खोली उघडली. मशीन तसंच होतं, पत्रा काढलेलं. शेजारी त्याची वही. थरथरत्या अक्षरात, एकाखाली एक: १ प्लग, नाही. २ वायर, नाही. ३ पॉवर सप्लाय, नाही. ४ डिस्प्ले कार्ड, नाही. ५ हार्डडिस्कची केबल, नाही. आणि ६ रॅम. सहाच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं. ऐंशीला टेकलेला माणूस, हात कापतात, एकेक सुटा भाग लॅमिंग्टन रोडवरून आणून लावून बघायचा म्हणजे एकेकाला तीनतीन, चारचार दिवस.

मी भिंतीवरचं बटण दाबलं, मग डब्याचं. पंखा फिरला. आणि पाठोपाठ बीप... लांब. थांबली. पुन्हा लांब. थांबली. पुन्हा. ही तक्रार मी त्याच्यासोबत वीसएक वेळा तरी मोजली असेल. मशीन तीन आठवडे त्याला रोज तेच सांगत होतं, रॅम, रॅम, रॅम, आणि तो समोर बसून भिंतीपासून एकेक पायरी चढत सहाकडे येत होता. मी पहिल्या रविवारी आले असते तर एक आडवं बोट पुरलं असतं. मी तिथेच लादीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. वर त्या बीप वाजतच होत्या. बंद करायलाही मला उठवेना.

उठले. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही काढल्या. त्याच्या खणात खोडरबर होतं, काळं पडलेलं. एकच पट्टी घेतली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, फुंकर मारली, दोन्ही बाजूंचे चाप कट्‌कन बसेपर्यंत दाबली. दुसरी लावायला हात गेला होता... मागे घेतला. एका वक्ताक एकच.

बटण दाबलं. पंखा फिरला. मी ऐकत होते. एक बीप झाली, आखूड, आणि पुढे काही नाही. पडदा उजळला. मी मागे वळले आणि त्याच्या स्टुलाकडे एक बोट उभं धरलं, आणि तो 'किती गो?' विचारेल म्हणून तसंच धरून राहिले.