फोटोची उजवी कड

माझ्या स्टुडिओत येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या त्या फ्रेमबद्दल विचारायचा. मी दर वेळी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. अशी बरीच वर्षं काढली. आता सत्त्याहत्तर वय आहे. चहा पुरे झाला.

हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, औंढ्याला दर्शनाला आलेल्या कुटुंबांचे ग्रुप फोटो. साठी उलटल्यावर नांदेडच्या काही हौशी फोटोग्राफरांबरोबर मी इराणला गेलो. त्यांना मशिदींचे घुमट हवे होते. मला रस्ता हवा होता. रोज सकाळी हॉटेलमधून एकटाच निघायचो.

शिराजमध्ये एका गल्लीत रोटीचं दुकान होतं. ती रोटी हातभर लांब असते आणि तापलेल्या खड्यांवर भाजतात. लोक ती घेतात, चिकटलेले खडे झटकतात, कापडात गुंडाळतात आणि घरी जातात. रोज सकाळी तिथे रांग असते. आपल्याकडे दुधाला असते तशीच. कोणी गप्पा मारतंय, कोणी पेपर वाचतंय.

रांगेत इस्त्रीचा कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. मी त्यांना मास्तरच म्हणू लागलो. त्यांनी रोटी घेतली, कापडात गुंडाळून डाव्या हातात खाली धरली, एक तुकडा मोडला आणि शेजारून जाणाऱ्या झाडूवाल्यापुढे हात केला. तिथली ती रीतच आहे. गरम रोटी घेऊन निघालात की समोर येईल त्याला आधी विचारायचं. झाडूवाल्याने तुकडा उचलला, मास्तरांचा तळहात तसाच उघडा राहिला, आणि मी बटण दाबलं.

मास्तरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. हसले.

"इथे येणारे दोनच फोटो काढतात," ते म्हणाले. "जुन्या इमारती, नाहीतर रडकी तोंडं. तुम्ही आमची सकाळ काढलीत. एक प्रिंट पाठवाल?"

"नक्की पाठवीन."

त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत पत्ता लिहून दिला. मग मलाही तुकडा दिला. मी खाल्ला.

परत आल्यावर काही महिन्यांनी मोठ्या शहरातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. तेव्हा इराणच्या बातम्या रोज येत होत्या. मी पाठवलेल्या फोटोंमधला हाच त्यांना कव्हरसाठी हवा होता.

"फक्त उभा करून द्या. आडवा कव्हरला बसत नाही."

उभा करायचा म्हणजे क्रॉप करायचा. क्रॉप म्हणजे फोटोच्या कडा कापणं. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात आलेली चप्पल आम्ही अशीच काढतो.

मी म्हणालो, "सर, उजव्या कडेला झाडूवाला आहे. तो गेला तर अर्थ बदलतो."

"अहो, अर्थ मथळा देतो. तुम्ही फोटो द्या. आणि खालून ते दुसऱ्या हातातलं बोचकं पण घ्या काढून, स्वच्छ दिसेल."

त्यांच्या माणसाने कापला असता तर आज मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. पण कापला मी. माझ्या कॉम्प्युटरवर, पंधरा मिनिटांत. उजवीकडून झाडूवाला गेला, त्याच्या बोटांतला तुकडा गेला. खालून रोटी गेली. उरला कोटातला एक म्हातारा, मागे रांग, आणि पुढे केलेला रिकामा हात.

अंक आला. मथळा होता, 'भाकरीसाठी पसरलेला हात'. खाली माझं नाव.

गावात माझा सत्कार झाला. एक वक्ते म्हणाले, "हा फोटो पाहिला की कळतं, आपण किती सुखी आहोत." टाळ्या पडल्या. मी शाल सावरत बसलो होतो. माझ्या दातांनी त्या माणसाची रोटी चावली होती, आणि त्याला भिकारी म्हणून मिरवताना मी 'थांबा' एवढा एक शब्द बोललो नाही. उलट कव्हर फ्रेम करून भिंतीवर लावलं. मास्तरांना प्रिंट कोणती पाठवायची? पूर्ण पाठवली तर कापलेली आठवते, म्हणून कोणतीच पाठवली नाही.

मग गंगामाय आली. सेनगावकडच्या एका तांड्यावरची. तिच्या घरची सगळी लग्नं मीच काढलेली. हातात शहरातल्या एका पेपरचं पान होतं. कोणी पाहुणा फोटोग्राफर तांड्यावर फिरून गेला होता. पानावर गंगामाय, डोक्यावर पालथा हंडा. खाली लिहिलेलं, 'कोरडा हंडा, कोरडे डोळे'.

"दादा, लग्नघर हाय माझं," ती उभ्यानेच म्हणाली. "नातीच्या लग्नाचे हंडे घासले, अन् वाळायला माळवदावर नेऊन राहिले व्हते. नळ हाय आमच्या दारात! इहीणबाई फोनवर काय म्हणती ठाव हाय? म्हणती, वऱ्हाडासाठी टँकर आमीच घेऊन येऊ का?"

माझं डोकं फिरलं. "त्याची हिंमत कशी झाली? तुला विचारलं होतं का त्यानं?"

"म्हणला, माय, हसू नको. मी म्हणलं, लेकराच्या फोटोत काही तकलीफ असंल, न्हाई हसले."

मी कागद ओढला आणि संपादकाला पत्र लिहायला घेतलं. माणसाची अब्रू म्हणजे तुमच्या पानाचं सजावटीचं सामान नव्हे, असं काय काय लिहिलं. फार जोरात लिहिलं. तोवर गंगामाय भिंतीवरची फ्रेम पाहत होती.

"ह्यो म्हातारा कोन?"

"इराणचा. मास्तर आहे."

"भीक मागून राहिला?"

चहा मागवायला हवा होता. पण ती समोर उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याला रोटी देत होता."

"मग रोटी कुठं हाय?"

"कापली."

"कोनं?"

"मीच."

टेबलावरचं माझं पत्र तिने बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"मग ह्या कागदावर तुमी काहून सही करून राहिले?"

तिने पान घडी करून कनवटीला खोचलं आणि गेली. नातीच्या लग्नाचे फोटो तिने दुसऱ्याकडून काढून घेतले. बरोबर केलं.

त्या दिवशी फ्रेम उतरवली. पुढे स्टुडिओ बंद होईपर्यंत मी एक नियम पाळला. माणसाच्या हाताजवळ क्रॉप करायचा नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल. उशिरा आलेलं शहाणपण. त्याने कोणाची रोटी परत येत नाही.

मास्तरांच्या चिठ्ठीला मात्र हात लावायला आणखी काही वर्षं गेली. गेल्या वर्षी पूर्ण प्रिंट काढली, झाडूवाल्यासकट. सोबत पत्र ठेवलं आणि पोस्टात रजिस्टर केलं. पाच महिन्यांनी पाकीट जसंच्या तसं परत आलं. वर त्यांच्या लिपीत दोन शब्द लिहिलेले. माझ्या वडिलांनी निजामाच्या शाळेतली उर्दू मला थोडी शिकवली होती, तेवढ्यावर पहिला शब्द लागला. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात मेलेल्या खातेदाराच्या नावापुढे असतो तोच.

फौत.

पाकीट मी उघडलेलं नाही. आत काय आहे ते मला पाठ आहे. पत्र इंग्रजीत आहे, शेवटचं वाक्य अर्ध्यावरच सोडलेलं. त्याचं मराठी असं:

'मास्तर, तुमचा हात देत होता. मी तो मागणारा केला. मला माफ'