पांढरं टोपण

विंझरहून एसटीनं येणाऱ्या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर इंजेक्शनच्या बाटल्यांची रंगीत टोपणं खिशात ठेवायच्या. एक काम झालं की एक टोपण बरणीत. औषधांच्या खिडकीतून मी रोज बघायचो, पण हा काय खेळ ते कळेना.

एकदा चहाच्या वेळी त्यांनी बरणी सगळ्यांसमोर ओतली.

"भांडत न्हाई, नुसतं बघा म्हणते. लाल म्हंजी डॉक्टरांना शोधाया गेले. निळं म्हंजी ह्या भाऊंकडं औषधाला."

निळ्यांचा ढीग बघून मला चहा गोड लागेना.

"आणि हे एकच पांढरं?" मी विचारलं.

"पेशंटपाशी बसाया मिळालं, त्याचं."

दुसऱ्या दिवसापासून औषधं मीच वॉर्डात पोचवू लागलो. आता बरणी ओतली की डॉक्टरसुद्धा आधी पांढरी शोधतात.