तीन आठवड्यांचं खाणं एका सकाळी

हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा, मला राग येणार नाही. फक्त तो चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. सायकलच्या शर्यतीत पडून बाद झालेले लोक तुम्ही पाहिले असतील, दमून बाद झालेलेही. पण खाऊन खाऊन बाद झालेला पाहिलाय? तो मी!

माझा दादा, मिलिंद, इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर आमच्या फाट्याला सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मी सहावीत शाळा सोडली आणि त्याच्याजवळ पंक्चर काढायला बसलो. एकदा तो बेल्लमपल्लीला मामाकडे गेला. मामा कोळशाच्या खाणीत कामाला, क्वार्टरमध्ये टीव्ही. तिथं दादानं फ्रान्समधली ती मोठी शर्यत पाहिली. तीन आठवडे चालते म्हणे! सकाळी निघायचं, डोंगर चढायचे, संध्याकाळी दुसऱ्याच गावात मुक्काम.

परत आला तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. डोंगर नाही, सायकली नाहीत. खाणं!

"लहान्या, ते लोक सायकलवरच जेवतात बे!"

"हात सोडून?"

"हात सोडून! सकाळीच भाताचा डोंगर, शेवयावानी काहीतरी, वरून अंडे. शर्टाले पाठीवर खिसे, खिशात भाताच्या वड्या. रस्त्याच्या कडेले एक माणूस पिशवी धरून उभा राह्यते. हा चालत्या सायकलवरून पिशवी उचलते, गळ्यात टाकते, आन खात खात पुढं! भूक लागो न लागो, खायाचंच. भूक लागली का माणूस खल्लास!"

"तुले इंग्रजी समजलं?"

"खाणं समजायले इंग्रजी काऊन पाह्यजे?"

आमच्या गावात चौदा एप्रिलच्या जयंतीला सकाळी सायकलींची शर्यत असते. मागच्या वर्षी मल्लेश पहिला आला, दादा दुसरा. मल्लेश शेजारच्या वस्तीवरचा, तेलुगू बोलणारा, दादाचा पक्का दोस्त. यंदा त्याला हरवायचं ठरलं होतं. दादा सायकल चालवणार, मी पुलाजवळ पिशवी धरून उभा राहणार. पिशवी उचलायचा सरावसुद्धा झाला होता. दोनदा पिशवीऐवजी मीच ओढला गेलो.

आणि होळीच्या आधी दादाला ताप आला. तो ताप डोक्यात चढला. होळीला दादा नव्हता.

दुकान बंद झालं. खाटेवर मी अजूनही एका कडेलाच झोपतो, त्याची जागा सोडून. घरात आई आणि मी. आई चूल पेटवायची ती माझ्यापुरती, आणि मी जेवायचो ते आईला दिसावं एवढंच.

म्हणून जयंतीच्या आदल्या दिवशी मी वाघमारे मास्तरांकडे गेलो. शर्यत आणि माईक, दोन्ही त्यांच्याकडे.

"मास्तर, दादाची सायकल मी काढतो. पोचली का नाव त्याचं पुकारा."

मास्तरांनी शर्यतीच्या यादीत दादाचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "पुकारतो. पण मिरवणूक निघायच्या आत आण बाबू. एकदा मिरवणूक निघाली का माईक माह्या हातात राह्यत नाही."

झालं! एवढंच तर करायचं होतं. सायकल वेळेवर आणायची. तेवढी अक्कल देवानं नाही तरी दादानं दिलीच होती. पण मला म्हणजे काय, दादाचं सगळं जसंच्या तसं करायचं होतं. खाण्यासकट!

सकाळी आईला म्हटलं, "आई, भात टाक. जास्त टाक. शेवया पण. अंडे पण."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मी खायला मागितलं होतं! तिनं पातेलंभर भात केला. दादाच्या शर्टाला पाठीवर खिसे शिवले, त्यात गूळ-भाताच्या वड्या कागदात गुंडाळून कोंबल्या. आणि समोर बसून वाढत राहिली.

"घे नं अजून."

"बस झालं आई."

"एवढ्यानं काय होते? घे, बाबू."

किती दिवसांनी तिचा आवाज असा आला होता. सांगा, तुम्ही नाही म्हटलं असतं?

शर्यत सुटली. मल्लेश बाणासारखा गेला. मी डुलत डुलत निघालो, पोटात भात, पाठीवर भात. ऊन लागलं तसा गूळ पाघळून कमरेपर्यंत आला. माशा सोबतीला.

आता आमच्याकडची जयंती तुम्हाला माहीत नसेल. त्या दिवशी रस्त्यावर दर थोड्या अंतरावर कुणी ना कुणी काहीतरी वाटत उभं असतं. सरबत, बुंदी, ताक, मसालेभात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून देतात, आणि त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

मला काय वाटलं असेल? वाटलं, हेच ते फ्रान्स!

पहिल्या मंडपाजवळ एक मावशी ओरडल्या, "अगे माय, मिलिंदाचा भाऊ! घे बाबू, त्याच्या नावानं घे!"

घेतलं. चालत्या सायकलवरून! पुढच्या मंडपात ताक. "मिलिंद माही सायकल फुकट नीट करून देत होता, घे!" घेतलं. मग बुंदी. मग पुन्हा सरबत. दादाच्या नावानं पुढं केलेला हात मी कसा परतवणार? आणि भूक लागली की माणूस खल्लास, हेही पक्कं डोक्यात!

पूल आला. तिथं कुणी उभं नव्हतं. ती माझी जागा होती. मी पायडल मारायचं विसरलो. खिशातली वडी काढून खाल्ली, डोळे पुसले, निघालो.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते लोक एवढं खातात, कारण ते दिवसभर, तीन आठवडे सायकल चालवतात! आमची शर्यत वरच्या फाट्यापर्यंत जाऊन परत. कुणी भाकरी बांधून निघालं तर ती सोडायच्या आत शर्यत संपावी, एवढी!

डोक्यात उजेड पडला आणि पोटात कालवाकालव सुरू झाली. गाव दिसायला लागलं होतं. ढोल ऐकू येत होते. मी दात आवळले, अजून काय काय आवळलं ते विचारू नका. पण ताक आणि बुंदीचं एकमेकांशी पटेना. सायकल रस्त्यावर टाकली आणि धूम पळालो, कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत!

थोड्या वेळानं रस्त्यावरून हाक आली. "तम्मुडू! ओ तम्मुडू!"

मल्लेश मला शोधत परत आला होता. तम्मुडू म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ. होळीपासून मला कुणी तशी हाक मारली नव्हती. पण भरून यायची ती वेळ नव्हती!

"इकडं! येऊ नको!"

"काय झालं रे? पडला का?"

"नाही! सायकल घेऊन जा! मास्तरकडं! पळ!"

"आणि तू?"

"मले यायले जमत नाही!"

मल्लेश समजला. हसला की रडला कोण जाणे, दादाच्या सायकलवर बसला आणि सुसाट गेला.

जरा वेळानं ढोल थांबले. भोंग्यातून मास्तरांचा आवाज शेताशेतांवरून आला. "सायकल पोचली आहे! आपल्या मिलिंदाची सायकल! त्याच्यासाठी सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं."

अख्खं गाव उभं राहिलं. म्हातारे, पोरं, मंचावरचे पाहुणे, बंदोबस्ताचे पोलीस. घराबाहेर न पडणारी माझी आईसुद्धा येऊन उभी राहिली, मल्लेशनं नंतर सांगितलं.

माझ्या भावासाठीच्या त्या दोन मिनिटांत साऱ्या पंचक्रोशीत बसलेला माणूस एकच होता. तोही पऱ्हाटीच्या आड.