वाचनाची ड्यूटी

"पुस्तक मिळंल ओ. मांडी कुठाय?"

आमच्या वाचनालयात मुलाचं नाव घालायला आलेल्या प्रत्येक आईबापाला सुभेदार हा प्रश्न विचारत. दाराजवळच्या बाकावर पेपर उघडून बसलेले असत, आणि तो खाली न करताच विचारत. समोरचा गोंधळला की मग स्वतःच्या मांडीवर दोन थापा मारून दाखवत. "ही. हिच्यावर पोरगं बसवायचं, म्होरं पुस्तक धरायचं आन् दोघांनी मिळून वाचायचं. ती कुठाय, असं म्हंतोय मी."

आमच्या या विश्रामबाग भागात ती सहसा सापडत नाही. हे आईबाप तुम्हीही पाहिले असतील. वडील गाडी चालूच ठेवून आत येतात. आई मुलाला पुढे ढकलते आणि म्हणते, "हा मोबाईल सोडतच नाही हो, जरा वाचनाची गोडी लावा." हे सांगताना दोघांच्याही माना स्वतःच्या मोबाईलात असतात. गोडी लावा म्हणे. मी ती जणू बरणीत भरून ठेवलीय, चमच्याने वाढायची तेवढी बाकी आहे. मी पुस्तक देतो. ते आठ दिवस गाडीच्या मागच्या सीटवर लोळतं आणि न उघडता परत येतं.

सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. गाव पलूसजवळ, थोडा ऊस. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा प्राध्यापक. त्याचा विषय वाचनसंस्कृती, आणि त्या विषयावर तो साताऱ्यापासून मिरजेपर्यंत शाल-नारळ घेत हिंडायचा. त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. भिंतभर पुस्तकांची काचेची कपाटं, सगळ्यांना कुलूप. किल्ली कुठे आहे ते घरात कोणालाच आठवत नव्हतं.

त्याची मुलगी सई तिसरीत होती. दर शनिवारी आजोबांचं बोट धरून यायची. चुणचुणीत पोर, पण वाचायला बसली की एकेका अक्षरापाशी अडायची आणि सारखी दाराकडे बघायची. "मी वाचतो की तिच्यासंगं," सुभेदार म्हणाले, "पर तिला मी नको हाय. बाप पायजे. बाप म्हंतो, येळ न्हाई." बापाने उपाय काढला होता. जूनपासून तिला पाचगणीच्या एका निवासी शाळेत घालायचं. तिथे वाचायला शिकवतील. पोरीला जवळ घेऊन अर्धा तास बसण्यापेक्षा तिला घाटावर धाडणं या विद्वानाला सोपं वाटत होतं.

मी नाक मुरडलं तसे सुभेदार माझ्याकडे वळले. "तुमी लेकाला काय वाचून दाखवता?"

"रात्री एखादी गोष्ट असते," मी म्हणालो.

हे धादांत खोटं होतं. चार हजार पुस्तकांत बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने स्वतःच्या मुलाला एक पान वाचून दाखवलेलं नाही. सुभेदारांनी पेपर खाली केला. फक्त माझ्या मांडीकडे बघितलं आणि पेपर वर केला.

पाचगणी टाळायला सुभेदारांनी फौजी तोडगा काढला. फ्रिजच्या दारावर ड्यूटी लिस्ट लावली. महिनाभर रोज अर्धा तास बाप नाहीतर आई सईबरोबर वाचणार, वाचून झालं की सही करणार. महिन्याची लिस्ट पुरी भरली तर पाचगणी रद्द. मुलाने कबूल केलं. सुभेदारांनी ही बातमी मला सांगितली ती एखादी चौकी जिंकल्याच्या थाटात. "सही म्हंजे सही. फौजेत सहीपुढं जनरलचं पण चालत न्हाई."

महिना संपता संपता आमच्या वाचनालयात पालकांचा मेळावा ठरला. वक्ता अर्थातच हा प्राध्यापक. घरी मुलांबरोबर रोज वाचलं की त्यांचा शब्दसाठा वाढतो, लक्ष टिकतं, मूल शंका विचारायला लागतं, आईबापाशी नातं घट्ट होतं, असं तो तासभर बोलला. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड येत होती. शेवटी त्याने पडद्यावर फोटो दाखवला. फ्रिज, त्यावर ती लिस्ट, आणि सह्यांनी गच्च भरलेले रकाने. "ही आमच्या घरची वाचनाची ड्यूटी," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. ज्यांच्या मुलांची पुस्तकं मागच्या सीटवर पडून असतात त्यांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून सुभेदार उठले.

"प्राध्यापक सायब, एक शंका हाय. गेल्या गुरवारी तुमी नागपूरला हुता आन् सूनबाई माहेरी. मग गुरवारची सही कुणाच्या मांडीवर पोरगी घिऊन केली?"

सभागृह हसलं. मीही हसलो, आणि खरं सांगतो, मला लय बरं वाटलं. प्राध्यापक पाण्याचा पेला उचलून तसाच धरून उभा राहिला.

तेवढ्यात सईने आजोबांचा सदरा ओढला. तिचा आवाज बारीक, पण हॉल आता शांत झाला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "आबा, मीच पप्पांना म्हटलं सही करा. मी रोजच म्हणायचे. लिस्ट भरली तर मला पाचगणीला जावं लागणार नव्हतं ना."

सुभेदार खाली बसले.  पोरीने सव्वीस दिवस बापाची खोटी सही सांभाळली होती आणि आजोबाने चार लोकांत ती उघडी पाडली होती.

पुढच्या शनिवारी ते एकटेच आले. पेपर मांडीवर तसाच पडून होता. त्या दिवशी एक जोडपं नाव घालायला आलं तर त्यांना काही विचारलंही नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "फौजेत सही झाली की काम झालं. घरातलं काम तसं नसतंय. आन् मी कोन त्याला बोलणार? तो ल्हान हुता तवा मी लीव्हवर यायचो, दोन म्हैनं. एक दिवस त्याला घिऊन बसलो न्हाई. उसाला पानी, भावकी, लग्नं. एकदा पुस्तक घिऊन आलता माज्याकडं. म्हटलं, मास्तरला इचार जा." मांडीवरच्या पेपरची घडी घालत म्हणाले, "आता चाळीस वर्साचा हाय. मांडीत मावत न्हाई."

दुसऱ्यांची टर उडवताना मुळात ते स्वतःचीच उडवत होते, हे मला तेव्हा कळलं. मी मात्र आजवर फक्त दुसऱ्यांनाच हसत आलो होतो. रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवतो हे मी खोटं सांगितलं होतं, ते त्यांना सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी त्यांना झटका आला. मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी संध्याकाळी भेटायच्या वेळेत गेलो तेव्हा प्राध्यापक कॉटजवळच्या स्टुलावर होता. त्याच्या मांडीवर सई होती, आणि सईच्या हातात आमच्याच वाचनालयातलं माकडाच्या गोष्टींचं पुस्तक. एक ओळ तो वाचत होता, एक ती. ती अडली की तो थांबत होता. पुढचा शब्द सांगायची घाई करत नव्हता. भाषणं देणाऱ्या त्या माणसाला मोठ्याने वाचताना नीट सूर सापडत नव्हता, माकडाचा आवाज काढताना तर तो चक्क लाजत होता. सई एकदाही दाराकडे बघत नव्हती. मी दारातच उभा होतो.

सई पाचगणीला गेली नाही. मी भेटून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सुभेदार गेले.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वेळ संपली म्हणून वॉर्डातली बाई सांगायला आली. प्राध्यापक म्हणाला, "आबा, उरलेलं उद्या," आणि पुस्तक मिटायला लागला. सुभेदारांचा डावा हात चादरीवरून हळूहळू सरकत आला. त्यांनी एक बोट पुस्तकाच्या मध्ये, उघड्या पानावर ठेवलं आणि दाबून धरलं. प्राध्यापकाने बोटाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. त्याचे डोळे भरून आले. तो बाईंना म्हणाला, "पाच मिनिटं," आणि बोटाच्या खालच्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला.