विहिरीची अक्षरं

मागच्या दिवाळीत भाचीनं मला संगणकावर एक गंमत दाखवली. पडद्यावर एक छोटंसं घर होतं, बारीक रंगीत ठोकळ्यांचं, चहूबाजूंनी फिरवून बघता येणारं. तिनं एक बटण दाबलं आणि घर जाऊन तिथं नुसती अक्षरं आली, ओळींखाली ओळी.

"आत्या, हेच ते घर," ती म्हणाली. "एक अक्षर म्हणजे एक ठोकळा. अक्षर बदललं की रंग बदलतो. एक थर संपला की एक ओळ मोकळी सोडायची."

"आणि जिथं काहीच नाही तिथं शून्य," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते आहे.

लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत मला तिथल्या एका सरकारी कार्यालयात ट्रेसर म्हणून नोकरी लागली. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं, पाट्या, शिक्के, नकाशे. जुने नकाशे गठ्ठ्यांनी यायचे आणि मी दिवसभर नद्या गिरवत बसायचे. त्यातल्या बहुतेक नद्या पुढं दुष्काळात कागदावरच वाहत राहिल्या. आमच्या वस्तीतून नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी, त्यामुळं माझं नाक जरा वरच असायचं.

आमचं गाव नांदेडकडं, हदगाव तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, विहिरी खणायचे. आमच्या बौद्ध वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर कोण आधी आणि कोण नंतर याचा एक न लिहिलेला नियम होता, आणि दुष्काळात 'नंतर'च्या वाट्याला गाळच यायचा. माझ्या नोकरीला चौथं वर्ष लागलं तेव्हा लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस दगा देऊन गेला आणि वस्तीच्या विहिरीला मंजुरी आली. आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या होत्या. ही पहिली आपली होती. उन्हाळ्याआधी तिला पाणी लागलं असतं तर माय आणि वस्तीतल्या बाया कुणाच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या नसत्या.

मला रोजचं काम कळावं असं वाटे. पण आबा रात्रीच्या साक्षरता वर्गात लिहायला शिकलेले. सुटं अक्षर ते नेटकं काढायचे, जोडाक्षर दिसलं की त्यांची लेखणी अडायची. म्हणून दिवाळीला घरी गेले तेव्हा मी एक युक्ती काढली. विहिरीचा गोल पाच गुणिले पाच चौकोनांत बसवला. चार कोपरे गोलाबाहेर पडत होते, तिथं शून्य. बाकी प्रत्येक चौकोनात जे लागलं त्याचं एक अक्षर लिहायचं. पहिली ओळ रस्त्याकडची, शेवटची ओढ्याकडची. एक परस खणून झालं, म्हणजे हात वर केलेल्या माणसाइतकं, की एक पोस्टकार्ड टाकायचं.

माती म्हणजे म, काळा खडक क, गेरू ग. मुरूमही म वरच येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांनी ते परस्पर निस्तरलं. दुसऱ्या कार्डावर त्यांनी मुरमाला र लिहिला होता. पुढं भेटल्यावर कारण विचारलं तर म्हणाले, "पहार मारली की मुरूम रर करतो, बाई. माती गपच असती."

लातूरच्या खोलीत मी खडूचे सारखे तुकडे केले आणि रंगवले. माती चहात बुडवली, मुरूम पिवळ्या शाईत, गेरू लाल शाईत, खडक काळ्या. ओल लागली तर हवी म्हणून थोडे तुकडे निळे करून ठेवले. बुटाच्या खोक्याची एक बाजू कापून त्यात कार्डाबरहुकूम थर रचू लागले. जमिनीत काम चाललं होतं तशीच विहीर माझ्याकडं उलगडत होती, फक्त ती खाली जायची आणि माझ्या खोक्यात दर कार्डाला मला सगळे थर उचलून नवा थर त्यांच्या बुडाशी घालावा लागायचा. घरमालकीण कपाळभर विभूती लावून एकदा डोकावली आणि म्हणाली, "बाई, बर्फीचं दुकान काढलीस काय?" कार्यालयात मी खोकं नेऊन दाखवलं. साहेबांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि शाबासकी दिली. दोन दिवस मी जमिनीवरून चालत नव्हते.

सहावं कार्ड माघात आलं. एकवीस चौकोन, एकवीसही क. सगळा काळा खडक. खाली आबांनी कधी नव्हे ती वाक्यं लिहिली होती. 'खालच्या बाजूला ओल हाय. सोमवारी मशीन येनार. आडवं भोक पाडू का खाली जाऊ. येकच व्हनार. तू सांग.'

मंजुरीत एकच काही बसत होतं. एक तर मशीन लावून विहिरीच्या भिंतीत आडवं भोक पाडायचं, नाही तर सुरुंग लावून आणखी एक परस खोल जायचं. मी खोकं समोर घेऊन बसले. खालच्या बाजूला ओल आहे, म्हणजे सहाव्या थराच्या खाली. मी निळ्या खडूंचा सातवा थर घातला. काळ्याखाली निळा फार उठून दिसत होता. उलट टपाली लिहिलं, 'आडवं नको. सरळ खाली जा. एका परसावर पाणी आहे.' वर विहिरीचं चित्रही काढून पाठवलं, रंगीत.

त्यानंतर कार्ड आलं नाही. चैत्रात रजा काढून गावी गेले तेव्हा माय घरात नव्हती. ती वस्तीतल्या बायांबरोबर नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरत होती. आबा विहिरीत होते. मी शिडीनं उतरले. लहानपणी मला कधी उतरू दिलं नव्हतं, त्यामुळं विहिरीच्या तळाशी उभी राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. सातवा परस पुरा झाला होता. तळ कोरडा ठणठणीत.

"आबा, तुमी तर ओल हाय म्हणून लिव्हलं होतं," मी म्हणाले.

"हाय की." त्यांनी माझा हात धरून डोक्याच्या वर, पोचेल तितका उंच नेला आणि ओढ्याकडच्या भिंतीला लावला. खडकाच्या एका चिरेपाशी दगड गार होता. हात काढला तर तळव्याला ओलसर माती चिकटली होती.

आमच्या गावात खालची बाजू म्हणजे उताराची बाजू. खालचं शेत म्हणजे ओढ्याकडचं शेत, खालची आळी म्हणजे ओढ्याकडची आळी. मी स्वतः खालच्या आळीत वाढले. चार वर्षं नकाशे गिरवले आणि खाली या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी फक्त तळ उरला होता. शिवाय त्या खोक्यात भिंतीला जागाच नव्हती. माझी सगळी अक्षरं खणून बाहेर फेकलेल्या दगडांची होती. पाणी न खणलेल्यात होतं, आणि त्याला चौकोन नव्हता म्हणून तर आबांनी बिचाऱ्यांनी वाक्य लिहिलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी लातुरातून केलं होतं.

पण मला खरं छळत होतं ते वेगळंच. "तुमाला तर ठावं होतं, पाणी भिंतीत हाय," मी म्हणाले. "मग माझं ऐकून खाली कशाला गेलात?"

आबा छन्नीचं तोंड अंगठ्यानं तपासत होते. "माझ्या हाताला कळलं व्हतं," ते म्हणाले. "पन तू कागदावर लिव्हलं. चित्र बी काढलं. म्हनलं, आपला हातच चुकला आसंल."

मला रडू आलं. त्यांना वाटलं पाणी लागलं नाही म्हणून रडते आहे. ते माझी समजूत घालू लागले, हातानं फोडून बघू, लागंल, लई लांब न्हाई. मशीन दुसऱ्या गावाला निघून गेलं होतं. आबा आणि वस्तीतले चौघे छन्नी-हातोडा घेऊन ती भिंत पोखरत राहिले आणि ज्येष्ठ संपता संपता करंगळीएवढी धार लागली. तोवर उन्हाळा गेला होता. मायच्या गुडघ्यांनी तो वाळूतच काढला. ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पुढच्या साली आबांना शेजारच्या गावची विहीर मिळाली. कार्ड आलं, 'कुठं खनू. तू सांग.' मी आता शहाणी झाले होते. मी लिहिलं, 'आबा, मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमचा हात म्हणेल तिथं खणा.' हे लिहिताना मला फार हलकं वाटलं होतं.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी कार्यालयातून आले तर आबा खोलीच्या पायरीवर बसलेले. गावाहून हदगाव, हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, तीन एस.टी. बदलून आले होते. धोतर धुतलेलं, टोपी हातात. मी कुलूप काढलं. आत आल्यावरही आबा बसले नाहीत.

"माझं काय चुकलं, बाई?" त्यांनी विचारलं. "तू सांगंना झालीस."

मी त्यांच्या हातातली टोपी घेऊन खुंटीला लावली आणि स्टोव्ह पेटवला. चहा होईपर्यंत ते उभेच होते.